बजेटच्या दिवसांतली खुर्ची

उत्तरायण, म्हणजे संक्रांत, उलटून गेलं तरी आमच्या गल्लीतल्या तारांवर पतंग अडकलेले असतात. कागद वाऱ्याने फाटून जातो, नुसत्या कामट्या उरतात. पहाटे गोधडी लागते आणि दुपारी उन्हात उभं राहवत नाही. दांडिया बाजारात हातगाड्यांवर हिरव्या हरभऱ्याचे डहाळे येतात. बाया भाव करता करता दोन दाणे सोलून तोंडात टाकतात आणि मग घेतच नाहीत. शाळेतल्या मुलांच्या चेहऱ्यावर परीक्षा दिसायला लागते. अशाच एखाद्या दुपारी, सकाळच्या घरांच्या पोळ्या आटपून मी जरा पाठ टेकते, तेव्हा मालतीताईंचा फोन येतो.

“साहेब आहेत का घरात?”

“आहेत,” मी म्हणते.

“मग रविवारी या. खुर्ची पुसून ठेवलीय.”

काल तो फोन आला. कोणाला थंडी आवडते, कोणाला आंब्याचे दिवस. मला कोणी विचारलं नाही, पण विचारलं असतं तर मी म्हटलं असतं, मला बजेटचे दिवस आवडतात. तिकडे गांधीनगरला विधानसभा भरायची असते, आणि इकडे मालतीताईंच्या घरात चहाचं मोठं पातेलं चढतं.

आमचं मंडळ म्हणजे थोड्याशा बायका. निम्म्या मराठी, निम्म्या गुजराती. कोणी शाळेत शिकवायच्या, कोणी शिवणकाम करतात, कोणी माझ्यासारख्या दुसऱ्यांच्या स्वयंपाकघरात. पगार कोणाला नाही. वर्षभर या बायका घरोघर जाऊन बघत असतात. बाळंतपणानंतर कोणाला कामावर परत घेतलं नाही, कोणा विधवेचं पेन्शन अडलं, कुठलं घोडियाघर भर दुपारी कुलूप लावतं. घोडियाघर म्हणजे पाळणाघर. आम्ही बडोद्याचे मराठी, घरातही घोडियाघरच म्हणतो. मग बजेटच्या आधी सगळं बघितलेलं एकत्र करून त्यातली एक गोष्ट निवडायची आणि ती घेऊन गांधीनगरला जायचं. एकच. हा मालतीताईंचा नियम आहे. त्या म्हणतात, “आपण दहा गोष्टी मागितल्या की साहेब अकरावी देतो.”

मालतीताई रेल्वेच्या कचेरीतून निवृत्त झाल्या. ठेंगण्या, गोऱ्या, डोळ्यांना जाड चष्मा. पायात नेहमी काळे कापडी बूट, कारण सरकारी इमारतींचे जिने चढायचे असतात. सरकारचं एखादं परिपत्रक आलं की त्या ते झोपाळ्यावर बसून भिंग लावून वाचतात, आणि वाचता वाचता पायाने झोका देत राहतात. झोका थांबला की समजायचं, त्यात काहीतरी सापडलंय.

त्यांच्याकडे मी पहिल्यांदा गेले ती पोळ्या करायला. रविवारी बायका जेवायला असायच्या. मी आत पोळ्या लाटायची आणि बाहेरचं ऐकायची. बाहेर येऊन बसायची मला लाज वाटायची. चौथीपर्यंत शिकलेली मी, चार माणसांत तोंड उघडायचं म्हटलं की माझी मान आपोआप खाली जाते. लहानपणापासून तशीच आहे.

गांधीनगरला जायच्या आधी मंडळात तालीम होते. नाटकाची असते तशीच. ज्या बाईला बोलायचं आहे तिने उभं राहून बोलायचं, आणि समोर खुर्चीत कोणीतरी साहेब होऊन बसायचं. पूर्वी साहेब कोणी व्हायला तयार नसे. सगळ्यांना बोलायचंच असे. हंसाबेन एकदा साहेब झाल्या तर त्यांनीच अर्धा तास भाषण केलं. मग मालतीताई स्वयंपाकघराच्या दारात आल्या, माझे पिठाचे हात बघितले आणि म्हणाल्या, “सुमन, हात धू आणि बाहेर ये. तुला काही बोलायचं नाही. साहेब बोलत नसतात.”

अशी मी साहेब झाले.

खरंच काही बोलायचं नसतं. मोबाईलमध्ये बघायचं. चहा हलवायचा. समोरची बाई रडकुंडीला आली की खिडकीकडे बघायचं. सगळं संपलं की एकच शब्द म्हणायचा, “जोईशुं.” बघू. मी इतकी वर्षं ज्यांच्या घरी पोळ्या करते त्यांतले कितीतरी मालक माझ्याशी असेच वागतात, त्यामुळे मला ते शिकायला लागलं नाही. हंसाबेन खाकऱ्याचा धंदा करतात, आवाज मोठा, हसणं त्याहून मोठं. त्या ओरडायच्या, “अरे, साहेबनी चा ठंडी थाय छे, कोई बिस्कुट तो आपो!” नाहीतर माझ्यासमोर कमरेवर हात ठेवून म्हणायच्या, “आ साहेब तो मारा वर जेवा छे. सांभळे ज नहीं!” साहेब त्यांच्या नवऱ्यासारखा, ऐकतच नाही. बायका पोट धरून हसायच्या. मीही हसायची, पण तोंड वळवून, कारण साहेबाने हसायचं नसतं.

त्या खुर्चीतून बायका वेगळ्याच दिसतात. आत पोळ्या लाटताना मला त्यांचे फक्त आवाज यायचे. खुर्चीत बसल्यावर कळलं की सगळ्यांत जोरात बोलणारीचेही हात पदराशी चाळा करत असतात. पहिल्या वेळी अडखळणारी बाई तिसऱ्या वेळी सरळ डोळ्यांत बघून बोलते. हे मी किती वेळा पाहिलं आहे. बाई तीच असते, साडी तीच असते, आणि तरी आत काहीतरी उभं राहिलेलं असतं. मालतीताई मध्ये फार बोलत नाहीत. “पुन्हा म्हण,” एवढंच सांगतात. “साहेबाला दया येऊ नये. साहेबाला कळावं.”

आणखी एक रीत आहे मंडळाची. साहेबाने उलटं काही विचारलं, काही देऊ केलं, तर उत्तर मालतीताई देत नाहीत. ज्या बाईच्या घराचा प्रश्न आहे तिनेच द्यायचं. बाकीच्यांनी गप्प बसायचं. हंसाबेननासुद्धा ही रीत पाळावी लागते.

मला सगळ्यांत जास्त आठवतो तो तीन वर्षांपूर्वीचा मोसम. त्या वर्षी मागणी आमच्या वस्तीतल्या घोडियाघराची होती, आणि बोलणारी बाई माझीच मुलगी होती, वैशाली.

वैशाली मकरपुऱ्याला औषधांच्या कारखान्यात पॅकिंगला जाते. सुटता सुटता संध्याकाळचे सहा होतात. जावई रिफायनरीत कंत्राटी कामावर, त्यांची पाळी आज सकाळची तर उद्या रात्रीची. ही तिघं माझ्याकडेच राहतात. तनू, वैशालीची मुलगी, तेव्हा अडीच वर्षांची. घोडियाघर दुपारी दोनला बंद व्हायचं. दोननंतर तनूला मी घेऊन यायची, पण चारला मला मांजलपूरला पोहोचायचं असतं, संध्याकाळच्या पोळ्यांना. एक घर तनूला घेऊन येऊ देई, दुसऱ्या घरात कुत्रा होता, तिसऱ्या घरी बाईंना आवडत नसे. कधी शेजारी, कधी जिन्यात, कधी माझ्या मागे तेलाच्या डब्यावर बसलेली. असं पोर कितीक दिवस वाढवणार?

नंदुरबारला तनूची दुसरी आजी आहे, जावयांची आई. त्या चांगल्या आहेत. त्यांनी सांगितलं, “जूनपर्यंत तुमची सोय झाली तर ठीक. नाहीतर पोरीला माझ्याकडे पाठवा. शाळेत जाईपर्यंत मी सांभाळते.” त्यात त्यांचं काही चुकलं नव्हतं. पण वैशाली ते ऐकून दोन दिवस नीट जेवली नाही. तनू रात्री तिच्या कानाची पाळी धरून झोपायची.

म्हणून ठरलं, घोडियाघर संध्याकाळी सातपर्यंत उघडं राहावं ही मागणी. एकट्या आमच्या वस्तीसाठी नाही, शहरातल्या सगळ्या कामकरी बायांसाठी. पण खुर्चीत बसून मला दुसरं काही दिसत नव्हतं. मला फक्त तनू दिसत होती.

ती तालीम मला काल झाल्यासारखी आठवते. दारं उघडी, खालच्या गल्लीतून कोणीतरी केसुड्याची, म्हणजे पळसाची, फुलं विकायला आलेलं, होळी जवळ आलेली. वैशाली माझ्यासमोर उभी. आईच्या समोर उभं राहून आईला साहेब म्हणायचं, म्हणून तिला आधी हसू येत होतं. मग ती बोलायला लागली, आणि हसू गेलं. फार छान बोलली. रडली नाही. तिने सांगितलं की दोन ते सात या वेळात या शहरातली कितीतरी लहान पोरं कुठे असतात ते कोणालाच माहीत नसतं. सांगितलं की भारतीबेन तिथेच असतात, जागा तिथेच आहे, घोडियं, म्हणजे पाळणे, तिथेच आहेत, फक्त कुलूप उशिरा लावायचं आहे.

मी चहा हलवला. मोबाईलकडे बघितलं. आता “जोईशुं” म्हणायचं होतं.

पण भारतीबेनचं नाव आलं आणि माझ्या डोळ्यांसमोर किंजल आली. भारतीबेन घोडियाघर चालवतात, आणि किंजल त्यांची मोठी मुलगी, तिसरीत होती तेव्हा. घरी धाकटं तान्हं. दुपारी मी तनूला घ्यायला जायची तेव्हा किंजल दप्तरासकट घोडियाघराच्या पायरीवर बसलेली असायची, आई सुटायची वाट बघत. कधी तनूच्या बुटांचे बंद बांधून द्यायची. भारतीबेन सातपर्यंत थांबल्या तर घरचं तान्हं कोण बघणार ते मला सांगायला नको होतं. मी चौथीतून शाळा सोडली ती त्यासाठीच. माझी आई आया म्हणून दवाखान्यात जायची आणि माझा भाऊ माझ्या कडेवर असायचा. आमच्या बाई चांगल्या होत्या, त्यांनी मला त्याच्यासकट वर्गाच्या दाराशी बसू दिलं. पण तो खडू खायचा. पांढरं तोंड घेऊन हसायचा आणि सगळा वर्ग हसायचा. मला इतकी लाज वाटली की मग मी गेलेच नाही.

तर खुर्चीत बसून, साहेब असताना, माझ्या तोंडातून निघालं, “अने ए बेननां छोकरां? एने कोण साचवशे?” आणि त्या बाईची मुलं? ती कोण सांभाळणार?

हंसाबेनचा हात बिस्किटाच्या डब्यातच राहिला. इतक्या वर्षांत साहेब पहिल्यांदा काहीतरी वेगळं बोलला होता. वैशाली माझ्याकडे बघत राहिली. मला वाटलं जमिनीने फाटून मला पोटात घ्यावं.

मालतीताईंनी पायाने झोका थांबवला.

“थांबा,” त्या म्हणाल्या. मग चष्मा काढून पुसला. “आपण इतकी वर्षं आयांसाठी मागतोय. भारतीबेन कोण आहेत? त्या आई नाहीत का?” आणि माझ्याकडे वळून, “सुमन, हे मला सुचायला हवं होतं गं.”

दुसऱ्या माणसाचं बरोबर आहे असं चारचौघांत म्हणणं सोपं नसतं, आणि ते माणूस तुमच्याकडे पोळ्या करणारं असलं तर आणखीच नसतं. मालतीताईंनी ते म्हटलं आणि लगेच बूट घालून निघाल्या, माझी आणि हंसाबेनची वरात मागे घेऊन, थेट भारतीबेनच्या खोलीवर. भारतीबेन भांडी घासत होत्या. त्यांना विचारलं, सातपर्यंत थांबायला सांगितलं तर काय कराल? त्या म्हणाल्या, “मारा थी ना थोडी पडाय, बेन? उपरथी कहे एटले रहेवुं ज पडे.” वरून सांगितलं की थांबावंच लागणार, नाही कशी म्हणणार. किंजल तेव्हा तान्ह्याला खांद्यावर थोपटत होती.

मागणी बदलली. सातपर्यंत घोडियाघर, आणि दोन पाळ्या, दोन बेन. म्हणजे खर्च वाढला. खर्च वाढला की गांधीनगरला होकार मिळणं अवघड, हे मंडळातल्या प्रत्येकीला ठाऊक होतं. आणि घरी आल्यावर वैशालीने मला ते ऐकवलं.

“आई, तू कोणाच्या बाजूची आहेस?”

“बाजू नाही गं. तोंडातून गेलं.”

“इतकी वर्षं तोंडातून काही गेलं नाही तुझ्या. बाबा ओरडायचे तेव्हा नाही, सासरचे लग्नात भांडले तेव्हा नाही. आत्ताच जायचं होतं?”

मी कणीक मळत राहिले. तिचं खोटं नव्हतं. तनू मध्येच येऊन कणकेची गोळी मागत होती. मी दिली. तिने तिचा पक्षी केला, मग साप केला, मग खाऊन टाकला.

त्यानंतरचे दिवस वैशाली माझ्याशी कामापुरतं बोलायची. पण मी बघत होते, रविवारी ती तालमीला येत होती आणि नवीन मागणी जशीच्या तशी म्हणत होती. तिच्या आवाजात आधीचा जोर नव्हता. “पुन्हा म्हण,” मालतीताई सांगायच्या. ती पुन्हा म्हणायची. एकदा तिला अर्धी सुट्टी होती म्हणून ती स्वतः तनूला आणायला गेली. परतली तेव्हा तनूच्या दोन वेण्या घातलेल्या होत्या, घट्ट, सरळ भांग काढून. “कोणी घातल्या?” मी विचारलं. “किंजलने,” ती म्हणाली. त्या रात्री तिने त्या वेण्या सोडल्या नाहीत.

गांधीनगरला आम्ही सकाळच्या बसने गेलो. हंसाबेननी थेपल्यांचा डबा घेतला होता आणि बस सुरू होण्याआधीच उघडला. मालतीताईंचे काळे बूट धुऊन स्वच्छ केलेले. हार, गुच्छ काही नाही. मंडळ ते कधी नेत नाही. रस्त्याने शिरीषाच्या पिवळ्या शेंगा वाजत होत्या. त्या मोठ्या इमारतीत शिरल्यावर थंडगार वाऱ्याने माझ्या अंगावर काटा आला. मला वाटत होतं, आता माझ्यासारखा साहेब समोर येईल.

तसा आला नाही. साहेब तरुण होते, उठून उभे राहिले, पाणी मागवलं. मोबाईल उलटा करून ठेवला. वैशालीचं बोलणं शेवटपर्यंत ऐकलं, मध्ये एक-दोन प्रश्न विचारले, तेही समजून घ्यायला. मी इतकी वर्षं त्या खुर्चीत बसून एक वाईट साहेब करून दाखवत होते. हा चांगला निघाला. आणि तेच अवघड गेलं.

कारण ते म्हणाले, “तमारी वात साची छे, बेन. टाइम वधारी आपीए. आ वर्षथी ज. पण बेन एक ज रहेशे.” वेळ वाढवून देऊ, याच वर्षापासून. पण बाई एकच राहील.

म्हणजे झालं होतं. आम्ही ज्यासाठी आलो ते समोर ठेवलेलं होतं. हंसाबेननी “हा”, म्हणजे हो, म्हणायला तोंड उघडलं आणि मग रीत आठवून मिटलं. मालतीताई साहेबांकडे बघत नव्हत्या, माझ्याकडेही नाही. त्या शांतपणे वैशालीकडे बघत होत्या. त्यांच्या चेहऱ्यावर हो म्हण असंही नव्हतं आणि नाही म्हण असंही नव्हतं. मी आजवर त्या चेहऱ्यासारखा दुसरा पाहिला नाही. आपल्या आयुष्याचं काम दुसऱ्या बाईच्या एका शब्दावर ठेवून असं स्वस्थ बसणं मला जमलं नसतं.

मी खाली बघितलं. मला वाटत होतं, हो म्हण बाळ. मनापासून वाटत होतं. किंजल माझ्या डोळ्यांपुढून निघून गेली. मला तनूच दिसत होती.

वैशाली म्हणाली, “साहेब, ए बेनने पण छोकरी छे.” त्या बाईलाही मुलगी आहे. आणि मग, “बे बेन आपो तो आपो.” दोन बाया देत असाल तर द्या.

“तो पछी आ वर्षे नहीं थाय, बेन.” मग या वर्षी होणार नाही.

“भले,” वैशाली म्हणाली. नाही तर नाही.

बाहेर आल्यावर जिन्यातच ती पायरीवर बसली. हंसाबेन तिच्यावर तुटून पडल्या, “गांडी छे तुं! साव गांडी!” वेडी आहेस, पार वेडी. आणि ओरडता ओरडताच तिला छातीशी धरून स्वतः रडायला लागल्या. जाणारे-येणारे शिपाई बघत होते. मालतीताई वाकल्या, सुटलेली बुटाची नाडी बांधली, फार हळूहळू बांधली, आणि उठल्या तेव्हा त्यांचे डोळे लाल होते. “चला, थेपले खाऊन घेऊ,” त्या म्हणाल्या. “पुढच्या वर्षी पुन्हा यायचंय.”

परतीच्या बसमध्ये वैशाली माझ्या शेजारी येऊन बसली. खिडकीतून बटाट्याची शेतं मागे जात होती. आणंद गेल्यावर ती म्हणाली, “तू त्या दिवशी बोलली नसतीस तर मी हो म्हटलं असतं.”

“मग?”

“मग काय. आता तनूला पाठवायचं.”

तिच्या आवाजात राग नव्हता. राग असता तर मला बरं वाटलं असतं.

जूनमध्ये जावयांबरोबर तनू गेली. स्टेशनवर ती खुशीत होती, तिला वाटत होतं जत्रेला चाललोय. खिडकीतून दोन्ही हात हलवत होती. वैशाली गाडीबरोबर थोडी चालली आणि मग खांबाशी थांबली. त्यानंतरचं वर्ष मी लिहिणार नाही म्हणत होते. एवढंच लिहिते की वैशाली जेवायला बसली की सवयीने पहिल्या पोळीचे बारीक बारीक तुकडे करायची, आणि मग तिच्या लक्षात यायचं, आणि ते तुकडे ती एकेक करून स्वतःच खायची. मी पोळ्या करते, मला ते दिसायचं. फोनवर तनू आधी आईकडे बघायची. नंतर नंतर ती फोनच्या कोपऱ्यातल्या आपल्याच तोंडाकडे बघायला लागली.

पुढच्या उत्तरायणानंतर मालतीताईंचा फोन आला तेव्हा मी म्हटलं, मला नको. माझ्याने त्या खुर्चीत बसवणार नाही. वैशाली बाजूला कपडे वाळत घालत होती. तिने चिमटा दातात धरूनच म्हटलं, “आई, जा. तू नाही बसलीस तर काय विचारायचं राहिलंय ते त्यांना कोण सांगणार?” आणि रविवारी तीच माझ्याआधी चपला घालून तयार होती. मी माझ्या मुलीला वाढवलं असं लोक म्हणतात. त्या दिवशी मला वाटलं, या बायकांनी आम्हा दोघींनाही वाढवलं.

मग आणखी एकदा गांधीनगर, आणखी थेपले, तोच जिना. या वेळी मालतीताईंनी इतर गावांतल्या मंडळांनाही सोबत घेतलं होतं. सुरतेच्या बाया, राजकोटच्या बाया, सगळ्या तीच मागणी घेऊन. आणि पावसाळ्याच्या तोंडाशी हुकूम निघाला, आपल्या शहरातल्या थोड्या घोडियाघरांसाठी, संध्याकाळी सातपर्यंत, दोन पाळ्या, दोन बेन. आमच्या वस्तीचं नाव त्यात होतं. मी मालतीताईंना म्हटलं, तुमच्यामुळे झालं. त्या म्हणाल्या, “कोणामुळे झालं ते शोधत बसू नकोस. अजून किती वस्त्या राहिल्यात ते बघ.” आणि पुन्हा भिंग घेऊन झोपाळ्यावर.

तनू दिवाळीनंतर आली. उंच झाली होती. नंदुरबारच्या आजीकडे राहून अहिराणी बोलायला लागली होती, खानदेशात बोलतात ती. वैशालीला पहिल्या दिवशी तिने “तू कोठे ऱ्हाती?” असं विचारलं, पाहुण्या बाईला विचारावं तसं. वैशालीने हसून उत्तर दिलं आणि मोरीत जाऊन बराच वेळ नळ सोडून ठेवला. रात्री तनू माझ्याजवळ झोपायची. कानाची पाळी ती विसरली होती. आम्ही कोणी आठवण करून दिली नाही.

घोडियाघरात जायला लागल्यावर पहिल्याच आठवड्यात वैशाली मला म्हणाली, “आज तू पण चल आणायला.” मी मांजलपूरच्या बाईंना सांगून लवकर निघाले. सूर्य मावळला होता, गल्लीत दिवे लागले होते. भारतीबेन दुपारीच घरी गेल्या होत्या. दुसऱ्या पाळीच्या बेन, एक तरुण पोरगी, दारात कोणाचं तरी नाक पुसत होती. आत उजेड होता, खिचडीचा वास होता, आणि सतरंजीवर पाच-सहा पोरं ठोकळ्यांचा पूल बांधत होती.

वैशाली दारात उभी राहिली. कारखान्यातून थेट आलेली, केसांवर अजून तिथल्या टोपीचा वळ. “तनू,” तिने हाक मारली, जरा भीतच.

तनूने वर बघितलं. ती उठेल, धावेल, निदान हसेल असं मला वाटलं. तिने फक्त आपल्या ठोकळ्यांकडे बोट दाखवलं. पूल अर्धा झाला होता.

“आठेच थांब वं माय,” ती म्हणाली. “आते नही.” इथेच थांब गं आई, आत्ता नाही.

आणि पाठ फिरवून परत कामाला लागली. आई कुठे जाणार नाही, याची तिला खात्री होती.

वैशालीने चपला काढल्या आणि चौकटीला टेकून उभी राहिली. दुसऱ्या पाळीची बेन म्हणाली, “आवो ने अंदर, बेसो.” वैशाली म्हणाली, “नाही, असू दे.” मी तिच्या मागे उभी होते, मला तिचा चेहरा दिसत नव्हता. पूल पडला, पोरांनी पुन्हा लावला. ती उभीच राहिली. तिला अजिबात घाई नव्हती.